केशवराव जेधे

केशवराव जेधे यांचा जन्म १८९६ साली पुण्यात झाला. शुक्रवार पेठेतील त्यांचे जेधे मॅन्शन हे सत्यशोधक कार्यकर्त्यांचे हक्काचे घर होते. १९२५ साली नगरपालिकेत त्यांनी एक ठराव मांडला. ज्या नगरीत महात्मा फुल्यांनी मुलींसाठी शाळा काढली, तेथे त्यांचा पुतळा उभारावा, एवढीच त्यांची मागणी! परंतु तिच्यावरून गावात मोठे वादळ उठले आणि ठराव नामंजूर झाला. या वादाची कटुता पुष्कळ काळ टिकली.

तरीही १९३० च्या सुमारास केशवराव काँग्रेसमध्ये आले. काकासाहेब गाडगीळांशी त्यांचा स्नेह जुळला. त्यांच्यामुळे खेड्यापाड्यांतील शेतकरी स्वातंत्र्यलढ्यात ओढला गेला, हे त्यांचे कार्य मोठेच म्हणावे लागेल. पुढे ते प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले. स्वातंत्र्यानंतर मात्र शेतकऱ्यांची उपेक्षा होत आहे असे वाटून त्यांनी सहकाऱ्यांसह शेतकरी कामगार पक्ष स्थापन केला. काही वर्षांनी ते काँग्रेसमध्ये परतले. मराठी राज्याच्या प्रश्नावरही ते पुढे आले.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात अनेक पक्षांचे पुढारी जमले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचा जन्म झाला. सभेचे अध्यक्ष केशवराव होते. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी ते निवर्तले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.