एसराज वाजवणारे सत्येनबाबू

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळींच्या घरी वर्षभर कपाटावर पडून असलेल्या पेट्या आणि तबले खाली उतरतात. कोणी नाट्यगीत घोळवू लागतो, कोणी एकांकिकेची जुनी वही शोधू लागतो. दिवसभर ऑफिसात फायलींशी झुंजणारा माणूस संध्याकाळी तालमीला येतो तेव्हा ओळखूही येत नाही. अशा माणसाला आपण 'हौशी' म्हणतो, आणि म्हणताना जरा कमीच लेखतो. यंदा स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा ज्या बंगालमध्ये आपण पोटापाण्यासाठी येऊन राहिलो, तिथल्याच एका थोर हौशी वादकाची आठवण झाली. वादक म्हणून त्यांना बाहेरचे फारसे कोणी ओळखत नाही. जगाला ते ठाऊक आहेत शास्त्रज्ञ म्हणून. ते म्हणजे सत्येंद्रनाथ बोस, बंगाल्यांचे सत्येनबाबू.

आम्हा रेल्वेवाल्यांना त्यांच्याबद्दल थोडी जास्त आपुलकी वाटायला एक कारण आहे. त्यांचे वडील सुरेंद्रनाथ ईस्ट इंडियन रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात नोकरीला होते. १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात जन्मलेला सत्येन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या पाठीवर सहा बहिणी. सकाळी कामावर निघण्यापूर्वी वडील घरातल्या जमिनीवर गणिते लिहून ठेवत आणि ते परत येईपर्यंत मुलाने ती सोडवून ठेवायची, असा रिवाज होता, असे सांगतात. हिंदू स्कूलमधल्या गणिताच्या मास्तरांनी तर एकदा त्याला शंभरपैकी एकशे दहा गुण दिले, कारण पठ्ठ्याने एकच गणित निरनिराळ्या रीतींनी सोडवले होते. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली एम.एस्सी.ला सत्येन पहिला आला आणि दुसरा आला त्याचा मित्र मेघनाद साहा. एका वर्गात अशी दोन रत्ने क्वचितच बसत असतील.

पण हा मुलगा नुसता गणिती नव्हता. कालिदासाचे मेघदूत, टेनिसनच्या कविता, रवींद्रनाथ हे सारे त्याच्या आवडीचे. पुढे फ्रेंच आणि जर्मन शिकून त्या भाषांतली पुस्तकेही ते मुळातून वाचू लागले. प्रमथ चौधुरींच्या 'सबुजपत्र' मासिकाभोवती साहित्यिकांचा जो अड्डा जमे, त्यात पदार्थविज्ञानाचा हा तरुणही जाऊन बसे. अड्डा म्हणजे काय ते बंगालमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. आपला कट्टा आणि आपली बैठक एकत्र केली की साधारण अड्डा होतो.

त्यांचे वाद्य होते एसराज. आपल्याकडे दिलरुबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना कल्पना येईल. सतारीसारखे पडदे आणि सारंगीसारखा गज, असे हे वाद्य. मुख्य तारा चार, बाकी तरफेच्या. आवाज मऊ, जरा रडवेला. बंगालमध्ये रवींद्रसंगीताच्या साथीला तो हमखास असतो. सत्येनबाबू एसराज घेऊन बसत ते घरी, मित्रांमध्ये किंवा एकटेच. वादनाचा पेशा त्यांनी कधी केला नाही, पण हात सफाईचा होता. रागदारी ऐकण्याचा कानही तितकाच तयार होता. फोटोत ते दिसतात तसेच डोळ्यांसमोर येतात: पांढरे विस्कटलेले केस, जाड भिंगाचा चष्मा, मांडीशी टेकवलेला एसराज. दुसऱ्या एका फोटोत मांजर आहे. मांजरांचा त्यांना फार लळा होता.

ज्या कामाने ते जगप्रसिद्ध झाले ते त्यांनी ढाक्याला केले. १९२१ साली तिथे नवीन विद्यापीठ निघाले आणि सत्येनबाबू रीडर म्हणून रुजू झाले. वर्गात प्लँकचा नियम शिकवताना त्याची नेहमीची मांडणी त्यांना पटेना. ती तर्काला धरून कशी करता येईल याचा विचार करता करता एक नवीनच वाट सापडली.

आमच्या यार्डातले उदाहरण घेऊन सांगतो. दोन लाइनी आहेत आणि दोन वॅगन आहेत. वॅगनांवर नंबर असतील तर त्या चार प्रकारे उभ्या करता येतात. पण दोन्ही वॅगन हुबेहूब सारख्या असतील, नंबर मुळीच नसतील, तर तीनच प्रकार उरतात: दोन्ही पहिल्या लाइनवर, दोन्ही दुसऱ्या लाइनवर, किंवा एकेक. प्रकाशाच्या कणांवर नंबर नसतात, म्हणून त्यांची मोजणी या दुसऱ्या रीतीने करायला हवी, हे सत्येनबाबूंच्या मांडणीचे मर्म. ऐकायला एवढेसे वाटते, पण त्यातून भौतिकशास्त्राचे एक नवे दालन उघडले.

हा छोटासा लेख इंग्लंडच्या एका नामांकित नियतकालिकात छापला गेला नाही. तेव्हा जून १९२४ मध्ये तीस वर्षांच्या या प्राध्यापकाने तो सरळ बर्लिनला आइन्स्टाइनकडे पाठवला. अगदीच अनोळखी माणूस! पण आइन्स्टाइननी त्याचे महत्त्व ओळखले, स्वतः जर्मनमध्ये भाषांतर केले आणि त्याच वर्षी छापून आणले. त्यांचे एक पोस्टकार्ड ढाक्याला आले आणि त्या कार्डाच्या जोरावर युरोपला जाण्याची दोन वर्षांची रजा मिळाली. व्हिसासाठी जर्मन वकिलातीने फीसुद्धा घेतली नाही म्हणे. पॅरिस, बर्लिन करून १९२६ साली ते ढाक्याला परतले. डॉक्टरेट त्यांच्याकडे नव्हती, पुढेही त्यांनी ती घेतली नाही. डिप्लोमावर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट उगीचच सुखावून जाते, हे कबूल करतो. प्राध्यापकपदासाठी आइन्स्टाइनचे शिफारसपत्र कामी आले.

यानंतर मात्र लोक हळहळतात. एवढी बुद्धी, आणि आयुष्यभरात शोधनिबंध पंचवीसच्या आसपास. कागदाच्या चिटोऱ्यांवर गणिते करायची, उत्तर सापडले की आनंद व्हायचा, आणि चिटोरे हरवायचे. कोणी विद्यार्थी अडचण घेऊन आला की स्वतःचे काम बाजूला. रसायन असो, पुराणवस्तू असोत की संगीत, त्यांना सगळ्यातच रस. ढाक्याच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांची उपकरणेही त्यांनी तिथेच तयार करवून घेतली. नोबेल मिळाले नाही. त्यांच्या आणि आइन्स्टाइनच्या नावाने ओळखली जाणारी द्रव्याची अवस्था १९९५ साली प्रयोगात सिद्ध झाली आणि त्या कामासाठी २००१ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल दिले गेले, पण तोवर ते जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. त्यांच्या नावावरून डिरॅकने एका जातीच्या कणांना 'बोसॉन' नाव दिले, ते पाठ्यपुस्तकात कायमचे राहिले.

त्यांनी आयुष्य उधळले असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. एसराज जसा स्वतःच्या आनंदासाठी वाजवायचा, तसेच त्यांनी विज्ञानही केले. हे वागणे खर्चिक होते हे खरे, आणि तो खर्च घरच्यांनीही सोसला असणार. वीस वर्षांचे असताना लग्न झाले, पत्नी उषावती तेव्हा अकरा वर्षांच्या. नऊ अपत्ये झाली, त्यांतली दोन लहानपणीच गेली. अड्डा, वाद्य आणि विद्यार्थी यांनी भरलेल्या त्या घराचा संसार उषावतींनी कसा चालवला असेल, याबद्दल मात्र चरित्रांतून फार थोडे वाचायला मिळते.

एका बाबतीत ते हौसेवर थांबले नाहीत. विज्ञान मातृभाषेतून शिकवता येते, हा त्यांचा आग्रह होता. १९४५ साली ते कलकत्त्याला परतले आणि १९४८ साली त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. 'ज्ञान ओ विज्ञान' हे तिचे मासिक. आपली मराठी विज्ञान परिषद निघाली ती १९६६ साली. विज्ञानावरचे आपले 'विश्वपरिचय' हे पुस्तक रवींद्रनाथांनी १९३७ सालीच सत्येनबाबूंना अर्पण केले होते. १९५६ ते १९५८ या काळात ते विश्वभारतीचे कुलगुरू होते. तिथे विज्ञानाला मोठी जागा द्यावी ही त्यांची इच्छा पुष्कळांना रुचली नाही आणि ते परतले. पुढे राष्ट्रीय प्राध्यापक झाले. राहणे मात्र उत्तर कलकत्त्यात, ईश्वर मिल लेनमधल्या वडिलांच्या घरी. तिथे शाळकरी पोरापासून परदेशी पाहुण्यापर्यंत कोणीही यावे. सत्येनबाबू खाटेवर, जवळ पुस्तकांचा ढीग, आणि ढिगापाशी मांजर.

जानेवारी १९७४ मध्ये त्यांची ऐंशी वर्षे आणि त्या लेखाची पन्नाशी असा दुहेरी सोहळा कलकत्त्यात झाला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ जमले, भाषणे झाली. महिन्याभराने, ४ फेब्रुवारीला, सत्येनबाबू गेले.