लोकमान्यांचे नापास वर्ष

लोकमान्य टिळकांचे नाव घेतले की पगडी, उपरणे आणि करारी मुद्रा डोळ्यांसमोर उभी राहते. हा पुरुष कॉलेजात आला तेव्हा पाप्याचे पितर होता, हे सांगून कोणाला खरे वाटत नाही. मला मात्र ते वाचून मोठा धीर आला. कारण वर्गात माझी गणनाही त्याच जातीत होते. म्हणूनच त्यांच्या चरित्रातील डेक्कन कॉलेजचे पहिले वर्ष मला सर्वांत जवळचे वाटते.

बळवंतरावांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. दहाव्या वर्षी आई गेली. १८७१ साली लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी वडील गंगाधरपंत निवर्तले. १८७३ च्या आरंभी डेक्कन कॉलेजात पाऊल टाकले तेव्हा बुद्धी तल्लख होती, पण शरीर तिला साथ देणारे नव्हते. पत्नी त्यांच्याहून सुदृढ, अशी थट्टा मित्र करीत असे चरित्रकार सांगतात.

थट्टेला उत्तर न देता त्यांनी अख्खे वर्ष शरीराला देऊन टाकले. जोर-बैठका, कुस्ती, आणि कॉलेजजवळच मुळा-मुठेचे पात्र असल्याने पोहणे व नाव वल्हविणे, हाच नित्यक्रम झाला. यातले मर्म असे, की नुसते खाऊन सुटते ते पोट. मेहनतीने भूक वाढते आणि मेहनतीमुळेच अन्नाचे मांस होते. वर्षअखेर टिळकांचे अंग भरले आणि परीक्षेत ते नापास झाले! पुढे मात्र बी. ए. पहिल्या वर्गात, आणि १८७९ साली एल्‌एल्. बी.

प्रकृतीची सारखी चिंता करणाऱ्या मित्रांच्या औषधाच्या बाटल्या ते खिडकीबाहेर फेकीत, असेही सांगतात. त्यांचे हे वैद्यक आपण उचलू नये. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून उत्तर १८.५ पेक्षा कमी आले, किंवा वजन कारणावाचून घटू लागले, तर आधी डॉक्टरांना गाठावे. क्षय, जंत, थायरॉइड यांपुढे जोर-बैठकांचे काही चालत नाही.

त्या वर्षाची खरी परीक्षा तुरुंगात झाली. १८८२ साली डोंगरीत १०१ दिवस, १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा, आणि २२ जुलै १९०८ रोजी, बावन्न वर्षे पुरी होण्याच्या आदल्या दिवशी, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. मंडालेत मधुमेहाने गाठले, १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ता तेथेच कळली. तरी ‘गीतारहस्य’ तेथेच लिहून झाले. १९१४ साली सुटून आल्यावर होमरूलसाठी ते पुन्हा गावोगाव हिंडले. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान झाले.

पण डोंगरीत त्यांच्या शेजारी आणखी एकजण होता. गोपाळ गणेश आगरकर त्याच साली जन्मलेले, त्याच कॉलेजचे विद्यार्थी. त्यांची कॉलेजची वर्षे दारिद्र्यात गेली. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा लागे. दम्याने ते जर्जर झाले आणि १८९५ साली अडतिसाव्या वर्षीच गेले. निश्चयात आगरकर टिळकांना हार जाणारे नव्हते; पण एक वर्ष नापास होण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

म्हणून टिळकांची गोष्ट सांगताना आगरकरांना वगळावे असे मला वाटत नाही. आपल्या वसतिगृहातही खाणावळीचे पैसे चुकविण्यासाठी एक वेळ उपाशी राहणारी मुले आहेत. त्यांना तालमीचा उपदेश करण्याआधी त्यांचे ताट भरलेले असावे. दूध, डाळ, उसळ, शेंगदाणे, जमल्यास अंडी. आणि मग रोजचा व्यायाम. ज्यांचे ताट भरलेले आहे त्यांना मात्र सबब नाही. वर्ष वाया घालविण्याचीही गरज नाही; रोजचा पाऊण तास पुष्कळ झाला.