शोधाचे दुसरे नाव : धर्मानंद कोसंबी

मुकुटबन-वणीच्या यवतमाळ जिल्ह्याला लागूनच वर्धा जिल्हा आहे. तेथील सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी सत्तरीच्या एका विद्वानाने आमरण अनशन करून देह ठेवला. स्वातंत्र्य आणि फाळणीच्या गदारोळात या बातमीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हे विद्वान म्हणजे पाली भाषेचे प्रकांड पंडित आचार्य धर्मानंद कोसंबी.

गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम, लग्न लहानपणीच, आणि उपजीविका नारळाच्या बागायतीवर. प्रपंचात मात्र मन रमत नव्हते. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरचा लेख वाचनात आला आणि त्यांच्या जगण्याला दिशा मिळाली. बौद्ध धर्म शिकायचा तर कोठे, कोणाकडे, याचे उत्तर त्या काळी गोव्यात कोणाजवळच नव्हते. तरीही १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते घराबाहेर पडले. या निर्णयाची खरी किंमत बाळाबाईंनी मोजली, हे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले. अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाच्या जन्मभूमीत धर्म जिवंत असेल या आशेने नेपाळ गाठले, तेथे पदरी निराशा आली. दुसरा कोणी असता तर येथूनच परतला असता. धर्मानंद बुद्धगयेहून थेट सिंहलद्वीपात गेले, १९०२ मध्ये श्रामणेर झाले आणि तेथील विद्योदय परिवेणात पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानसाधनाही केली.

मिळालेल्या उत्तरावर थांबणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थ झाले. कलकत्त्यातील अधिक पगाराची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले. कारण त्यांना महाराष्ट्रात राहून काम करायचे होते. १९१० मध्ये ते प्रथम हार्वर्डला गेले. ‘विसुद्धिमग्ग’च्या संशोधित आवृत्तीचे काम त्यांना पुन्हा पुन्हा तेथे घेऊन गेले. मधल्या काळात फर्ग्युसन महाविद्यालय आणि गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी शिरोड्याला जाऊन त्यांनी तुरुंगवासही पत्करला.

‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचे दोष आणि मनाची घालमेल आडपडदा न ठेवता मांडली आहे. ‘भगवान बुद्ध’ लिहितानाही त्यांनी श्रद्धेला सवलत दिली नाही. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री घर सोडले, ही लोकप्रिय कथा त्यांनी ग्रंथांच्या आधारे नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या कलहाकडे त्यांनी लक्ष वेधले. स्वतः घर सोडलेल्या माणसाने हे लिहावे, यातला प्रामाणिकपणा दुर्मीळ म्हणावा लागेल.

अखेरच्या वर्षांत जैन परंपरेतील पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माने त्यांना आकृष्ट केले. शरीर समाजाच्या उपयोगाचे उरले नाही असे वाटल्यावर त्यांनी अनशनाचा निश्चय केला. गांधीजींनी १९४६ मध्ये त्यांना एकदा त्यापासून परावृत्त केले होते. पुढच्या वर्षी मात्र निश्चय अढळ ठरला. त्यांच्या निधनानंतर गांधीजींनी दिल्लीतील प्रार्थनासभेत त्यांचे आदराने स्मरण केले. ‘विसुद्धिमग्ग’ची ती आवृत्ती हार्वर्डने १९५० मध्ये प्रकाशित केली.