झोपाळलेला अध्यक्ष आणि नाकावर न बसणारा मास्क

अमेरिकेच्या इतिहासात राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही पदे भूषवणारा माणूस एकच झाला, विल्यम हॉवर्ड टॅफ्ट. एवढे करूनही लोकांच्या आठवणीत ते राहिले ते बाथटबात अडकलेला लठ्ठ माणूस म्हणून. ती गोष्ट बहुधा रचलेलीच आहे. त्यांच्यासाठी खास मोठा टब बनवला होता आणि त्यात चार कामगार ऐसपैस बसल्याचे छायाचित्रही आहे. पण टॅफ्ट त्यात अडकल्याचा भरवशाचा पुरावा नाही. खरी होती ती दुसरी गोष्ट. हा माणूस दिवसाढवळ्या, चारचौघांत, बोलता बोलता झोपी जायचा. त्या काळी लोक त्यावर हसले. आज कोणताही डॉक्टर हसणार नाही.

टॅफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत झाला. वडील पुढे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळात होते. मुलगा अंगाने दणकट, येल विद्यापीठात कुस्ती खेळलेला आणि १८७८ मध्ये वर्गात दुसरा आलेला. कायद्याची पदवी, वकिली, १८८६ मध्ये हेलन ऊर्फ नेली हेरन यांच्याशी लग्न आणि तिशीच्या आतच न्यायाधीशाची खुर्ची, असा सगळा सरळ चढता आलेख. टॅफ्ट यांचे स्वप्न एकच होते, सर्वोच्च न्यायालय. नेलीबाईंचे स्वप्न व्हाइट हाऊसचे. संसारात शेवटी कुणाचे चालते, हे वाचकांना सांगायला नको.

१९०० मध्ये त्यांना फिलिपिन्सला पाठवले गेले आणि पुढच्या वर्षी ते तिथले गव्हर्नर झाले. मनिलाहून त्यांनी तारेने कळवले की घोड्यावरून पंचवीस मैलांची डोंगरवाट पार केली, तब्येत उत्तम आहे. वॉशिंग्टनमधून युद्धमंत्री एलिहू रूट यांनी उलट तार करून विचारले ते घोड्याच्या तब्येतीबद्दल. टॅफ्ट स्वतः हा विनोद मोठ्या आनंदाने सांगत. याच काळात रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयाची जागा देऊ केली होती. तिथले काम अर्धवट टाकता येत नाही म्हणून त्यांनी ती नाकारली. आयुष्यभराचे स्वप्न हातात आले असताना ते बाजूला ठेवणाऱ्याला पुढे लोक आळशी म्हणाले, हे लक्षात असू द्या.

१९०५ मध्ये ते युद्धमंत्री होते आणि वजन ३१४ पौंड, म्हणजे १४२ किलो झाले होते. त्यांनी लंडनच्या डॉ. नॅथनिएल यॉर्क-डेव्हिस यांना पत्र लिहिले. मग समुद्रापलीकडून पत्रानेच उपचार सुरू झाले. साखर, चरबी बंद; चरबीविरहित मांस, भाज्या; रोज वजन करायचे आणि ते डॉक्टरांना कळवायचे. काही महिन्यांत वजन २५५ पौंडांवर आले. नंतर पत्रे विरळ झाली, भूक परतली आणि वजनही. हे वाचताना मला आमच्या बाह्यरुग्ण विभागातली सोमवारची रांग आठवते. शंभर वर्षांत या बाबतीत माणूस तिळभरही बदललेला नाही.

मार्च १९०९ मध्ये टॅफ्ट राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा वजन साडेतीनशे पौंडांच्या घरात, म्हणजे दीडशे किलोच्या वर गेले होते. दोनच महिन्यांनी नेलीबाईंना पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली. राज्यकारभार सांभाळून टॅफ्ट स्वतः त्यांना पुन्हा बोलायला शिकवत बसत. दुःख आणि ताण आला की काही माणसांचे जेवण तुटते, काहींचे वाढते. टॅफ्ट दुसऱ्या प्रकारातले.

आणि झोप! जेवणाच्या टेबलावर, पत्त्यांच्या डावात, संगीताच्या कार्यक्रमात, एकदा तर अंत्यविधीला पहिल्या रांगेत बसून ते पेंगले. प्रतिनिधिगृहाचे सभापती समोर बसून बोलत असताना त्यांची मान छातीवर कलली. त्यांचे लष्करी सहायक मेजर आर्ची बट शेजारी उभे राहून मोठ्याने खोकत, म्हणजे साहेब जागे होतील. रात्री घोरणे मात्र जोरकस. या बट यांनी घरी लिहिलेल्या पत्रांमुळेच हे सारे आपल्याला इतके बारकाईने माहीत आहे. एप्रिल १९१२ मध्ये ते टायटॅनिकबरोबर बुडाले. टॅफ्ट यांना तो घाव फार लागला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत टॅफ्ट तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि त्यांच्या वाट्याला फक्त दोन राज्ये आली. पराभवाची राजकीय कारणे मोठी आहेत, रूझवेल्ट यांच्याशी झालेले वैर त्यात पहिले. पण रात्रंदिवस अपुऱ्या झोपेत कारभार करणाऱ्या माणसाचे निर्णय, स्मरण, चिडचिड यांचा हिशेब इतिहासकारांनी फारसा मांडलेला नाही.

मेलेल्या माणसाचे निदान करणे हा डॉक्टरांचा आवडता आणि धोक्याचा खेळ आहे. तरीही २००३ मध्ये डॉ. जॉन सोटोस यांनी ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेले निदान मला पटते. टॅफ्ट यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि हवेची वाट बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागला की मेंदू दचकून उठतो, एक मोठा घुरकावा येतो, वाट उघडते, आणि पुन्हा तेच. काही रुग्णांत हे एका रात्रीत शेकडो वेळा होते. सकाळी रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्या बायकोला. आपल्याकडे अशा माणसाला कुंभकर्ण म्हणतात, आणि ते अगदी चुकीचे आहे. कुंभकर्णाची झोप पुरी व्हायची. याची रात्रभर अंथरुणात पडूनही होत नाही. वर रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात. टॅफ्ट यांना हे दोन्ही झाले.

हा फक्त जाड्यांचा आजार, असे समजू नका. मान आखूड, जबडा लहान किंवा मागे असलेल्या सडपातळ माणसांतही तो दिसतो, आणि आपल्या आशियाई चेहऱ्यांत कमी वजनावरही तो गाठतो. शहापूर, मुरबाडकडून रात्री मुंबई-नाशिक महामार्गावर गाडी चालवणारे अनेक जण माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. त्यांना मी गोळीआधी दोन प्रश्न विचारतो. घोरता का, आणि कसारा घाटात कधी डुलकी लागली होती का. पहिल्याचे उत्तर बायको देते. दुसऱ्याला बहुतेक जण खाली बघतात.

टॅफ्ट यांच्या काळात यावर काही नव्हते. आजाराचे नीट वर्णनच १९६५ मध्ये झाले, आणि त्यानंतरही दीड दशक खात्रीचा उपाय एकच होता, गळ्यात श्वासनलिकेला छिद्र पाडणे. १९८० मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे असे छिद्र नको म्हणणारा एक रुग्ण आला. सलिव्हन यांनी पंख्याच्या मोटरने नाकावाटे सतत हलक्या दाबाची हवा सोडली, आणि आतून फुगलेली घशाची वाट रात्रभर उघडी राहिली. पाच रुग्णांचा हा अनुभव १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. यालाच आज आपण सीपॅप म्हणतो. गंमत अशी की यंत्राइतकीच डोकेदुखी मास्कची होती. सुरुवातीला प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून मास्क घडवत आणि रोज रात्री तो सिलिकॉनच्या डिंकाने चेहऱ्यावर चिकटवत. म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हवा कितीही चांगली असो, मास्क त्या माणसाच्या नाकाचा हवा.

आणि नेमके हेच आपण विसरतो. तानसा परिसरातला एक चालक, वय पंचेचाळीस. मुंबईत झोपेची तपासणी झाली, आजार तीव्र निघाला, कर्ज काढून यंत्र घेतले. तीन महिन्यांनी यंत्र कपाटात आणि हा पुन्हा स्टिअरिंगवर पेंगतोय. कारण विचारले तर म्हणे, हवा डोळ्यांत जाते, डोळे लाल होतात, नाकाच्या दांडीवर जखम झाली. यंत्राबरोबर खोक्यात आला तो मास्क विक्रेत्याने दिला होता. माप कुणी घेतलेच नव्हते. हवा गळते म्हणून हा रोज पट्टे आणखी आवळत होता.

तानसाचे पाणी १८९२ पासून नळांतून मुंबईला जाते, तेव्हा इथल्या माणसाला गळती समजावणे सोपे. दोन नळांच्या जोडातले रबरी पॅकिंग प्रमाणाबाहेर आवळले की चुरगळते आणि जास्तच गळते. मास्कची सिलिकॉनची कडही तशीच. ती हवेने किंचित फुगून चेहऱ्याला टेकायची असते, दाबून बसवायची नसते. म्हणून मास्क बसवायचा तो आडवे होऊन, रोज झोपता त्या कुशीवर, यंत्र चालू ठेवून. उठून बसल्यावर गाल आणि जबडा वेगळे असतात. रात्री कवळी काढून झोपत असाल तर मापही कवळी काढूनच द्या. पट्टा आणि गाल यांत एक बोट सहज जायला हवे.

प्रकार मुख्यतः तीन. नाक झाकणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा पिलो मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. नाक मोकळे असेल तर मी नाकाच्या मास्कपासून सुरुवात करायला सांगतो. तो लहान, गळतीला जागा कमी. भरघोस मिशी असेल, किंवा तोंडाला काही बांधले की जीव घाबरत असेल, तर पिलो मास्क. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांना मोठा मास्क लागू शकतो, पण आधी नाक का बंद असते ते पाहा. हाड वाकडे असेल, ॲलर्जीची सर्दी असेल, त्यावर इलाज केला की कित्येकांचे तोंड आपोआप मिटते. आमच्या चालकाचा मास्क मोठा होता आणि तोही नाक-तोंड झाकणारा. एक माप लहान, फक्त नाकाचा मास्क दिला, पट्टे सैल केले, आणि आठवडाभर संध्याकाळी टीव्हीसमोर जागेपणी तासभर लावून बसायला सांगितले. पहिल्या पंधरवड्यात तो चार तासांवर गेला, महिन्याभरात पूर्ण रात्रीवर. नाकाची जखम भरली. त्याची बायको म्हणाली की आता घरात इतके शांत असते की तिलाच झोप येत नाही.

बाकी गोष्टी किरकोळ, पण त्यांच्यापायीच मास्क सुटतो. चेहऱ्यावर तेल, क्रीम असेल तर कड घसरते. रात्री तोंड साबणाने धुवा, मास्कची कडही रोज सकाळी साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मास्कवरची बारीक छिद्रे उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी असतात. गळती समजून ती चिकटपट्टीने बुजवू नका, असे करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पावसाळ्यात आटगाव, अघई भागात वीज गेली की गुदमरू अशी भीती असते. नाकाच्या मास्कमध्ये माणूस तोंडाने श्वास घेतो, मोठ्या मास्कला त्यासाठी झडप असते. तरी छोटा इन्व्हर्टर परवडत असेल तर घ्यावा. आणि कड मऊ पडून सुरकुतली की ती बदलायची. नवी कड नव्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

टॅफ्ट यांना यातले काहीच मिळाले नाही. त्यांनी जे हाती होते ते केले. मार्च १९१३ मध्ये पद सोडल्यावर येलमध्ये कायदा शिकवू लागले आणि पुन्हा नेटाने खाणे आवरले. वर्षभरात २७ किलोंहून अधिक वजन उतरले, या वेळी ते तसे परत चढले नाही. रक्तदाब उतरला, दिवसाची झोप गेली. वजनाबरोबर झोपही गेली, हाच सोटोस यांच्या निदानाचा सर्वांत भक्कम आधार. नाहीतर आळस काही वजनकाट्यावर उतरत नाही.

१९२१ मध्ये, वयाच्या चौसष्टीच्या उंबरठ्यावर, ते सरन्यायाधीश झाले. सर्वोच्च न्यायालयाने कोणते खटले ऐकावेत हे बऱ्याच अंशी न्यायालयानेच ठरवावे, असा १९२५ चा कायदा त्यांच्या प्रयत्नांनी झाला. न्यायालयाला स्वतःची इमारत हवी हे त्यांनीच संसदेच्या गळी उतरवले. ती पुरी झाली १९३५ मध्ये. पेंगणाऱ्या अध्यक्षाची ही कामे नव्हेत. हृदयाने मात्र आधीच्या वर्षांचा हिशेब मागितला. ठोके अनियमित झाले, तब्येत ढासळत गेली, फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ८ मार्चला ते गेले. तब्येत धड होती तोवर ते घरापासून न्यायालयापर्यंतचे सुमारे तीन मैल पायीच जात. वाटेत कनेक्टिकट ॲव्हेन्यूवर दरीवरचा एक मोठा काँक्रीटचा पूल लागतो. १९३१ मध्ये त्याला टॅफ्ट यांचे नाव देण्यात आले.