सर जेम्स औट्रम यांचे चरित्र

कंपनी सरकारच्या चाकरीत जे इंग्रज सेनापती नावारूपास आले, त्यांपैकी सर जेम्स औट्रम यांचे नाव आपल्या खानदेशाशी जोडलेले आहे. यास्तव त्यांची हकीकत आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवितो.

ते ता. २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडातील डर्बीशायर प्रांती जन्मले. ते दोन वर्षांचे असता पिता वारला व माता मुलांसह विपत्तीत पडली. तिने स्कॉटलंडात राहून काटकसरीने त्यांस विद्या दिली. सन १८१९ त, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मुंबईच्या सैन्यात दाखल झाले.

सन १८२५ त त्यांची खानदेशात नेमणूक झाली. त्या काळी भिल्ल लोक डोंगरांचा आश्रय करून गावे लुटीत, व फौजा पाठवूनही बंदोबस्त होईना. औट्रम यांनी प्रथम शस्त्र चालविले. परंतु तेवढ्याने काम होणार नाही हे जाणून त्यांनी दुसरा मार्ग धरिला. ते भिल्लांमध्ये जाऊन राहिले, त्यांच्या संगतीने वाघांची शिकार करू लागले, आणि ज्यांचे भय सर्वांस वाटे त्यांच्याच हाती त्यांनी आपला जीव सोपविला. विश्वासाने विश्वास उत्पन्न झाला. भिल्लांची पलटण उभी राहिली, धरणगाव हे तिचे ठाणे झाले, आणि लुटणारेच मुलखाचे राखणदार बनले.

पुढे सन १८४३ त सिंधमध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीवर बलुची सैन्य चालून आले, तेव्हा त्यांनी थोड्या शिपायांनिशी तिचे रक्षण केले. तथापि सिंधच्या अमीरांवर अन्याय झाला असे त्यांचे मत होते. म्हणून लुटीतील आपला सुमारे ३,००० पौंडांचा वाटा त्यांनी स्वतःकरिता न ठेविता धर्मकार्यास दिला. सेनापती सर चार्ल्स नेपियर यांच्याशी त्यावरून त्यांचे वैर पडले. बडोद्यास रेसिडेंट असता त्यांनी लाचलुचपत उघडकीस आणिली, तेव्हा मुंबई सरकारची गैरमर्जी होऊन सन १८५१ त त्यांस ती जागा सोडावी लागली. सन १८५४ त ती त्यांस परत मिळाली.

परंतु त्यांचे सर्वच वर्तन निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. सिंधविषयी ज्यांचे मन दुखावले, त्यांच्याच हातून सन १८५६ त अयोध्येचे राज्य खालसा झाले. आणि पुढील वर्षीच्या भयंकर युद्धास जी कारणे झाली त्यांत हेही एक होते.

त्या सन १८५७ च्या युद्धात लखनौच्या रेसिडेन्सीत बायकामुलांसह इंग्रज लोक वेढ्यात सापडले. त्यांच्या सुटकेकरिता जनरल हॅवलॉक झटत होते. इतक्यात औट्रम वरिष्ठ सेनापती होऊन कानपुरास आले. आता अधिकार त्यांचा, व जय मिळाल्यास कीर्तीही त्यांचीच. परंतु ज्याने श्रम केले त्यानेच कार्य सिद्धीस न्यावे, असे म्हणून त्यांनी लखनौस पोहोचेपर्यंत अधिकार हॅवलॉक यांजकडेच राहू दिला, व स्वतः घोडदळात स्वयंसेवक म्हणून त्यांच्या हाताखाली लढले. ता. २५ सप्टेंबर रोजी ते रेसिडेन्सीत पोहोचले. दोन महिन्यांनी हॅवलॉक आजाराने वारले.

पुढे आलमबागेचे ठाणे औट्रम यांनी मार्च १८५८ पर्यंत राखिले. ता. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्सात त्यांचा अंत झाला, व लंडनातील वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये त्यांस मूठमाती देण्यात आली.

लढाया जिंकणारे पुष्कळ होऊन गेले. हाती आलेला मान दुसऱ्यास देणारे थोडे. आणि आपल्या गावी, आपल्या मंडळीत असा प्रसंग आला असता आपण काय करितो, याचा विचार वाचकांनी करावा.