श्रोत्यांसाठी चरित्र : संतचरित्रकार महिपती

मराठी संतांची जी चित्रे आज जनमानसात रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांना घाट दिला तो महिपतींनी (१७१५–१७९०). महिपती हे मुळात गावच्या दप्तराचे माणूस होते. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात ताहराबाद हे त्यांचे गाव. वडील दादोपंत कांबळे यांच्याकडून गावचे कुळकर्णपण त्यांच्याकडे आले. घरात विठ्ठलभक्ती आणि पंढरीची वारी होती. हातात मात्र जमाखर्चाची लेखणी होती.

ही लेखणी त्यांनी खाली ठेवली, त्याची कथा परंपरेने जपली आहे. महिपती पूजेत असताना जहागीरदाराच्या कचेरीतून बोलावणे आले. पूजा आटोपून येतो, हे उत्तर शिपायाला मानवले नाही व त्याने अपशब्द काढले. कचेरीचे काम उरकून परतल्यावर महिपतींनी मानवाच्या चाकरीत पुन्हा लेखणी न धरण्याचा निश्चय केला. पुढे तुकोबांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यानंतरचे आयुष्य कीर्तनात आणि संतचरित्रांच्या रचनेत गेले.

‘संतलीलामृत’ १७५७ मध्ये, ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण झाले. ‘संतविजय’ अपुरा राहिला. एकट्या ‘भक्तविजया’त सत्तावन अध्याय व सुमारे दहा हजार ओव्या आहेत. या साऱ्या लेखनाची प्रकृती ध्यानात येते ती ते कोणासाठी झाले हे पाहिल्यावर. महिपती स्वतः कीर्तनकार होते. त्यांच्यापुढे वाचक नव्हता. सभेत बसलेला श्रोता होता. म्हणून प्रसंग संवादांतून उभा राहतो, निवेदक मधूनच श्रोत्यांना सावध करतो, नित्याच्या संसारातले दृष्टांत येतात आणि साधी ओवी अर्थासाठी कोठे थांबायला लावीत नाही. उत्तररंगातील आख्यानासाठी एखादा अध्याय जसाच्या तसा उचलावा, अशी ही बांधणी आहे.

कालक्रमाचा प्रश्नही येथेच सुटतो. ‘भक्तविजया’त तुलसीदासांची कथा नामदेवांच्या आधी येते. वाल्मीकी तुलसीदास झाले, उद्धव नामदेव झाले, अशी अवतारांची संगती महिपती आरंभीच लावून देतात. शतकांचा हिशेब या संगतीला नको असतो. मात्र एवढ्यावरून त्यांना केवळ कल्पक कथेकरी ठरविणे अन्यायाचे होईल. उत्तरेतील नाभाजी आणि माणदेशातील उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचे ऋण ते नाव घेऊन सांगतात; ग्रंथसमाप्तीचा शक नोंदवितात. कुळकर्ण्याची चाकरी सुटली, नोंदीची शिस्त सुटली नाही.

या दोन वृत्तींचा मेळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो तुकारामचरित्रात. ‘भक्तविजया’त हे चरित्र एकदा सांगून झाले होते. बारा वर्षांनी ‘भक्तलीलामृता’त महिपतींनी ते पुन्हा हाती घेतले आणि पंचविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत सोळा अध्याय त्याला दिले. तुकोबांच्या आत्मपर अभंगांतील दुष्काळ, दिवाळे आणि संसाराची वाताहत यांचा आधार या कथनाला आहे. अभंगात जे एका वाक्यात उरकते, ते येथे प्रसंग होऊन श्रोत्यासमोर घडते. आधार अस्सल आणि विस्तार कीर्तनकाराचा, असे हे मिश्रण आहे.

विसाव्या शतकात जस्टिन ॲबट व न. र. गोडबोले यांनी ‘भक्तविजया’चा इंग्रजी अनुवाद केला आणि महिपती मराठीबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. तेव्हापासून त्यांचे ग्रंथ संतांच्या इतिहासाचे साधन म्हणून अधिकच वापरले जाऊ लागले. काही प्रसंगांसाठी तर त्यांच्याखेरीज दुसरा आधार सापडत नाही. अशा ठिकाणी चमत्कार तेवढे वगळून उरलेला भाग इतिहास मानण्याची सोपी रीत अभ्यासकाला मोहात पाडते. पण महिपतींच्या ओवीत चमत्कार आणि घरगुती तपशील हे दोन्ही एकाच श्रोत्याला धरून ठेवण्यासाठी योजलेले असतात. एक खोटा म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही. कोणता तपशील अभंगातून आला, कोणता पूर्वसूरींकडून आणि कोणता सभेच्या गरजेतून, हे प्रत्येक वेळी निराळे तपासावे लागते.

१७९० मध्ये महिपतींचे निधन झाले. ‘भक्तविजया’चे पारायण त्यानंतरही घरोघरी चालू राहिले. संतांच्या चरित्राचा शोध घेणाऱ्याला या ग्रंथांना टाळून जाता येत नाही. त्यांची मूळ सभा विसरून मात्र त्यांचा अर्थ लावता येणार नाही.