विचारपूस करणारा संशोधक : ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल

अर्थशास्त्राच्या पदवीधराने डॉक्टरांना काय शिकवावे, असे कोणालाही वाटेल. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे चरित्र हे त्याचे उत्तर आहे.

हिल यांचा जन्म १८९७ साली लंडन येथे झाला. वडील नामांकित शास्त्रज्ञ होते. मुलाला डॉक्टर व्हायचे होते; परंतु पहिले महायुद्ध आले. नौदलात वैमानिक असताना १९१७ साली त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. सर्वांनी आशा सोडली असताना हा तरुण दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिला आणि वाचला. डॉक्टरकी मात्र कायमची सुटली. मग पत्राद्वारे अभ्यास करून त्यांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळवली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे आजारपणावर मात करून मिळवलेल्या या पदवीचे मला फार मोल वाटते.

पुढे ते वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या क्षयाने त्यांना झोपवले होते, त्याच्यावरील स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाची परीक्षा त्यांच्याच योजनेनुसार झाली. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले. ५५ रोग्यांना औषध व विश्रांती मिळाली, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. औषध जिंकले!

पण वही तेथेच मिटली असती, तर अर्धेच सत्य हाती लागले असते. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील ३२ व दुसऱ्यातील ३५ रोगी मरण पावले होते. जंतू या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले होते. त्यामुळेच पुढे क्षयावर एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली.

१९५१ साली हिल व त्यांचे सहकारी रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना धूम्रपानाविषयी मोजके प्रश्न पाठवले. चाळीस हजारांवर उत्तरे आली. आता पुन्हा केव्हा विचारायचे? मृत्यूची खबर सरकारी नोंदीतून मिळत होती; तिच्यासाठी कोणाला पत्र लिहिण्याची गरज नव्हती. सवयीचे मात्र तसे नाही. आज ओढणारा उद्या सोडतो. फार वर्षे विचारले नाही, तर सोडलेल्यालाही आपण ओढणाराच समजू. सारखे विचारले, तर माणूस कंटाळून उत्तर देणेच बंद करील, शिवाय खर्च वाढेल. म्हणून १९५७, १९६६, १९७१, १९७८ अशी काही वर्षांच्या अंतराने विचारपूस झाली.

सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५४ सालीच दिसला होता. परंतु आयुष्यभर ओढणाऱ्याची सरासरी दहा वर्षे कमी होतात, आणि तिशीत सोडणाऱ्याचे हे नुकसान जवळजवळ टळते, हे पन्नास वर्षांच्या पाहणीनंतर २००४ साली नेमके सांगता आले.

हिल १९९१ साली निवर्तले. शेवटची प्रश्नावली २००१ साली, म्हणजे त्यांच्यामागे दहा वर्षांनी गेली. लावणाऱ्याने झाडाचे शेवटचे फळ पाहिले नाही.

बरे वाटू लागताच औषध सोडणारे क्षयाचे रोगी मी गावी पाहिले आहेत. अशांच्या दारी पुन्हा कोणी गेलेच नाही, तर कागदावर ते बरेच झालेले राहतात. एकदा विचारून सत्य कळत नाही. योग्य वेळी पुन्हा विचारावे लागते, हा हिल यांच्या जीवनाचा धडा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही घेण्यासारखा आहे.

— द्वितीय वर्ष, कला